पोलाद तेच, मग आवाज वेगळा का?

भाईंदरात ‘स्टील’ म्हटले की भांडी आठवतात. पूर्वेकडच्या औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची ताटे, वाट्या, डबे घडवणारे कितीतरी कारखाने आहेत. त्या गल्ल्यांतून जाताना कानांवर पडणारा खणखणाट ही आमच्याकडची स्टीलची ओळख. म्हणून वर्गात ‘स्टील गिटार’ हे नाव घेतले की मुले दोन तर्क हमखास करतात. एक, ही गिटार पोलादाची केलेली असणार. दोन, तिच्या तारा पोलादी असणार. पहिला तर्क चुकीचा आहे. दुसरा बरोबर आहे, पण नावाचे कारण ते नव्हे, कारण साध्या गिटारलाही पोलादी तारा असतात.

नाव पडले ते वादकाच्या डाव्या हातातील भरीव पोलादी कांडीवरून. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नखी घालून तारा छेडायच्या, आणि डाव्या हाताने तारांवर ही कांडी टेकवून पुढे-मागे सरकवायची. तार पडद्यावर दाबली जातच नाही. ती पडद्यांना लागू नये म्हणून मानेच्या टोकाची पट्टी मुद्दाम उंच केलेली असते. आपल्याकडे या वाद्याला ‘हवाईन गिटार’ म्हणतात. हवाई बेटांवर १८८०-९० च्या सुमारास ही पद्धत रूढ झाली आणि तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू या तरुणाला दिले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी ती वाजवली आणि मग तिचे वेड अमेरिकाभर पसरले.

भारतीय कानांना हा प्रकार परका वाटला नाही. विचित्र वीणेवर काचेचा बट्टा सरकवतात, दक्षिणेत गोट्टुवाद्यावरही तसाच ठोकळा सरकवतात. मींड हा आपल्या संगीताचा प्राण, आणि पडद्यांच्या बंधनातून सुटलेल्या तारेवर मींड हवी तेवढी लांब घेता येते. कलकत्त्यात हवाईन गिटारची मोठी परंपरा उभी राहिली. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी आठ तारांच्या विद्युत गिटारवर चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांच्या जोडीला पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचा ॲकॉर्डियन असे. हजारा सिंग यांचेही नाव त्या काळच्या श्रोत्यांच्या तोंडी होते. शास्त्रीय संगीतात ब्रिजभूषण काब्रा यांनी ही गिटार आणली. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी तुमच्या आजोबांना विचारा. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार तिच्यात एकत्र ऐकू येते.

आता मुद्द्याकडे येऊ. अकरावीतल्या एका मुलाला घरच्यांनी पैसे साठवून जुनी लाकडी हवाईन गिटार घेऊन दिली. महिनाभर घासूनही त्याचे समाधान होईना. तो मला म्हणाला, “सर, रेकॉर्डवर स्वर कसा रेंगाळत राहतो. माझा दोन सेकंदांत मरतो. माझा हातच वाईट आहे का?” गिटार विकून टाकावी या विचारापर्यंत तो आला होता. मी त्याला म्हटले, “आण एकदा ती गिटार.” कारण प्रश्न हाताचा आहे की वाद्याचा, हे भौतिकशास्त्राला विचारता येते.

तार, कांडी आणि एक गुणाकार

तारेची वारंवारता तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे एकक लांबीचे वस्तुमान यांवर अवलंबून असते, हे तुम्ही सोनोमीटरच्या प्रयोगात पाहिले असेल. लांबी निम्मी केली की वारंवारता दुप्पट. स्टील गिटारमध्ये कांडी म्हणजे सोनोमीटरची सरकती घोडीच. ६० सेंटिमीटरची मोकळी तार २४० हर्ट्झने कंप पावत असेल, तर कांडी ४० सेंटिमीटर तार शिल्लक राहील अशी ठेवली की ३६० हर्ट्झ, म्हणजे सा चा पंचम मिळेल. ३० वर ठेवली की तार षड्ज. हे सर्व जातींच्या स्टील गिटारांत सारखेच आहे. लाकडी असो, पत्र्याची असो की विजेची, स्वराची उंची कांडीच ठरवते. फरक पडतो तो तीव्रतेत, स्वराच्या गुणात आणि तो किती वेळ टिकतो यात. हा फरक समजण्यासाठी तारेचा जमाखर्च मांडावा लागतो.

आधी जमा. तार छेडण्यापूर्वी आपण ती बाजूला ओढतो, तेव्हा तिच्यात ऊर्जा साठते. ताण सुमारे १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतका धरा. घोडीपासून १० सेंटिमीटरवर तार ३ मिलिमीटर बाजूला ओढली, तर साठलेली ऊर्जा गणिताने सुमारे ५ मिलिज्यूल येते. ही किती? शंभर ग्रॅमचा पेरू टेबलावरून अर्धा सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. वादकाने एकदा नखी मारली की त्या स्वराला मिळालेली शिदोरी एवढीच. व्हायोलिनवाला गजाने सतत नवी ऊर्जा घालत राहतो, बासरीवाला फुंकत राहतो. छेडून वाजवायच्या वाद्यात पुढच्या छेडीपर्यंत पाच मिलिज्यूलवर भागवायचे असते.

आता खर्च. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तार हवा ढकलणार ती किती? जवळजवळ नाहीच. पंख्याऐवजी दोऱ्याने वारा घालण्यासारखे आहे ते. म्हणून तारेने आपली ऊर्जा घोडीमार्फत एखाद्या रुंद पृष्ठाला द्यावी आणि त्या पृष्ठाने हवा ढकलावी अशी योजना करतात. तारेवरचा तरंग घोडीवर आपटतो, परततो, कांडीवर आपटतो, पुन्हा घोडीकडे येतो. २४० हर्ट्झच्या स्वरात तो सेकंदाला बरोबर २४० वेळा घोडीवर येतो. दर खेपेला थोडी ऊर्जा घोडीतून गळते. ही गळती समजा एक टक्का आहे. मग एका सेकंदाने उरलेली ऊर्जा म्हणजे ०.९९ चा २४० वा घात. गणकयंत्रावर करून पाहा : सुमारे ९ टक्के. गळती तीन टक्के केली तर? उरते ०.१ टक्क्याहूनही कमी. आणि गळती ०.२ टक्के असेल, तर सेकंदानंतरही ६२ टक्के ऊर्जा तारेत शिल्लक!

या तीन आकड्यांत स्टील गिटारच्या निरनिराळ्या जातींचे बरेचसे रहस्य आहे. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याचे काटकसरीचे गणित मीरा-भाईंदरकरांना शिकवायला नको. नळ मोठा सोडला तर धार जाड, पण टाकी लवकर रिकामी. नळ बारीक ठेवला तर धार बारीक, पण पाणी संध्याकाळपर्यंत पुरते. पाणी दोन्हीकडे तेवढेच.

लाकडाची गिटार, पत्र्याची गिटार

लाकडी हवाईन गिटारमध्ये ऊर्जा वरच्या पातळ फळीला मिळते. सतारीच्या भाषेत ती तबलीच. फळी आणि पोटातील हवा यांच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारता असतात. तारेच्या स्वरातील जे घटक त्यांच्याशी जुळतात ते अनुनादाने फुगतात, बाकीचे मागे राहतात. लाकूड आपल्या तंतूंमध्ये वरच्या वारंवारतांची बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवूनही टाकते. म्हणून लाकडी गिटारचा स्वर गोल, ऊबदार वाटतो आणि तो लवकर विरतो. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या हर्मन वाइसनबॉर्न यांनी मानसुद्धा पोकळ ठेवलेली गिटार बनवली. तार पडद्यावर दाबायची नसल्याने मान गोल आणि मुठीत मावणारी असण्याची गरजच नव्हती; मग तिथेही हवा का ठेवू नये, हा साधा विचार. तिचा खर्ज इतरांपेक्षा भरदार असतो.

पण लाकडी गिटार वाद्यवृंदात बुडून जाई. कर्णे आणि ढोल वाजू लागले की तिचे पाच मिलिज्यूल कोण ऐकणार? जॉर्ज बीचम हा स्वतः हवाईन गिटार वाजवणारा कलावंत. मोठ्या आवाजाच्या शोधात तो जॉन डोपिएरा या कुशल कारागिराकडे गेला. डोपिएराने लाकडी फळीचा नाद सोडला आणि घोडीखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे शंकू बसवले. ध्वनिक्षेपकातील कागदी शंकू तुम्ही पाहिला असेल. त्याचाच हा भाऊ, फक्त त्याला हलवायला विजेऐवजी तार. १९२७ साली ‘नॅशनल’ या नावाने बाजारात आलेल्या गिटारमध्ये असे तीन शंकू होते आणि तिचे शरीर जर्मन सिल्व्हरचे होते. इथे जरा थांबा. आजी ज्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणते ते ॲल्युमिनियमचे. आणि जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू, ज्यात चांदीचा कणही नसतो. या गिटारमध्ये दोन्ही ‘जर्मन’ एकत्र नांदत होते.

शंकू का? पत्रा सपाट असला तर लवचीक असतो, घोडीखाली तो वाकेल आणि त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या दिशांना हलतील. तोच पत्रा शंकूच्या आकारात आणला की ताठ होतो. कागदाचा तुकडा सपाट धरा आणि मग त्याची पुडी वळून धरा, फरक लगेच कळेल. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ, हलका आणि तरीही ताठ असा शंकू तारेची ऊर्जा झपाट्याने घेतो आणि हवेत फेकतो. नळ मोठा झाला! आवाज खणखणीत, पुढे येणारा, काहीसा भांड्यावर चमचा वाजवल्यासारखा. लाकूड ज्या वरच्या वारंवारता जिरवून टाकते त्या इथे बाहेर येतात.

लवकरच डोपिएरा या मंडळींपासून वेगळा झाला आणि भावांना घेऊन त्याने १९२८ साली दुसरी गिटार काढली. ‘डोपिएरा’ आणि ‘ब्रदर्स’ यांची पहिली अक्षरे जोडून तिचे नाव ठेवले ‘डोब्रो’. त्याच्या मातृभाषेत, स्लोव्हाकमध्ये, ‘डोब्रो’ म्हणजे चांगले. या गिटारमध्ये एकच मोठा शंकू असतो, तोही वाडग्यासारखा उताणा, आणि त्याच्या कडेवर आठ पायांच्या कोळ्यासारखी धातूची चौकट ठेवून तिच्या मध्यावर घोडी बसवतात. तीन शंकूंच्या गिटारचा स्वर मऊ आणि गुळगुळीत, पालथ्या एका शंकूच्या नॅशनलचा आखूड आणि भुंकल्यासारखा, तर डोब्रोचा काहीसा नाकातून आलेला. पत्रा तोच, शंकू तेच. घोडीचा भार कुठे टेकतो एवढ्याने हा बदल होतो. मला विचाराल तर स्टील गिटारच्या इतिहासातला सर्वांत चतुर भाग हाच. पुढे वीज आली आणि कारागिरांना इतकी युक्ती लढवायची गरज उरली नाही.

नळ जवळजवळ बंद

हाच बीचम पुढे आणखी एक पाऊल गेला. तारेची ऊर्जा खर्च करून आवाज काढण्याऐवजी तारेची हालचाल नुसती ‘वाचावी’ आणि आवाजासाठी लागणारी शक्ती विजेकडून घ्यावी, ही त्याची कल्पना. १९३१ साली त्याने सहकाऱ्यांसह नमुना बनवला आणि १९३२ पासून ओतीव ॲल्युमिनियमची गिटार विक्रीला आली. वाटोळे लहान अंग आणि लांब दांडा, म्हणून लोकांनी तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हटले. आपण तिला दांड्याचा तवा म्हणू. पुढे रिकनबॅकर या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीचे हे पहिले वाद्य. अमेरिकेतील पेटंट बीचमला मिळाले ते मात्र १९३७ साली.

तिचे तत्त्व तुमच्या दहावीच्या पुस्तकात आहे. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतधारा प्रवर्तित होते. तव्याच्या गिटारमध्ये नालाच्या आकाराचे दोन चुंबक तारांना कवेत घेतात आणि तारांखाली बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार चुंबकाजवळ असल्याने स्वतःही चुंबकित होते. ती हलली की क्षेत्र हलते, आणि वेटोळ्यात तारेच्या तालावर विद्युतदाब निर्माण होतो. पुढचे काम प्रवर्धकाचे. अंग भरीव असल्याने घोडीतून ऊर्जा फारशी गळत नाही. ०.२ टक्क्याचे उदाहरण आठवा! सेकंदानंतरही निम्म्याहून अधिक शिदोरी शिल्लक. रेंगाळणारा, गळ्यासारखा वाटणारा स्वर तो हाच.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तो ज्या रेकॉर्डशी आपल्या हाताची तुलना करत होता ती विद्युत गिटारची होती. लाकडी गिटारने तितका वेळ गावे अशी अपेक्षा करणे म्हणजे मोठा सोडलेला नळ दिवसभर चालावा असे म्हणणे. एक दोष मात्र सुधारण्यासारखा निघाला. त्याची कांडी म्हणजे पोकळ नळीचा तुकडा होता. तारेचे एक टोक घोडी, तर दुसरे टोक कांडी; आणि गळती दोन्ही टोकांना होते. हलकी कांडी तारेबरोबर स्वतःच थरथरते आणि ऊर्जा बोटांना देऊन टाकते. म्हणून वादक भरीव, जड कांडी वापरतात. मोठ्या विद्युत गिटारांची कांडी दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. भरीव कांडी आल्यावर त्याचा स्वर लांबला. रेकॉर्डएवढा नाही, पण गिटार विकण्याचा विचार मागे पडण्याइतका खास लांबला.

लाकडी गिटारला चुंबकीय वेटोळे बसवले तर? आवाज मोठा होतो आणि विरत जाणारे शेपूटही अधिक वेळ ऐकू येते. पण फळीची गळती चालूच असते. ती मधली जात झाली.

वेटोळे कुठे बसवले आहे?

दोन विद्युत गिटारी शेजारी ठेवल्या तरी त्यांचे आवाज वेगळे येतात. त्याचे एक कारण वेटोळ्याच्या जागेत आहे. तार कधीच एकाच वारंवारतेने कंप पावत नाही. २४० च्या मूळ स्वराबरोबर ४८०, ७२०, ९६० असे संनादी स्वर तिच्यात मिसळलेले असतात, आणि त्यांच्या प्रमाणावर स्वराचा गुण ठरतो. प्रत्येक संनादी स्वराला तारेवर काही स्थिर बिंदू असतात. त्या बिंदूखाली वेटोळे असेल तर तो संनादी त्याला दिसणारच नाही. घोडीजवळ सगळ्याच संनादींचे आयाम लहान असतात, पण मूळ स्वराचा सर्वांत लहान. म्हणून घोडीजवळचे वेटोळे तुलनेने वरचे संनादी जास्त उचलते आणि आवाज धारदार येतो.

स्टील गिटारमध्ये यात एक गंमत आहे. समजा तार ५६ सेंटिमीटरची आणि वेटोळे घोडीपासून ४ सेंटिमीटरवर. मोकळ्या तारेत ते चौदाव्या भागावर आले. म्हणजे चौदावा संनादी गायब. कांडी तारेच्या मध्यावर आणली की तार २८ ची, आणि तेच वेटोळे आता सातव्या भागावर. आता सातवा संनादी गायब, आणि एकंदर आवाज अधिक गोल. वेटोळे जागचे हलले नाही, तरी कांडी वर सरकली की स्वराचा गुणही सरकतो. नखीच्या जागेलाही हाच नियम लागू आहे. म्हणून जाणते वादक कांडीबरोबर उजवा हातही थोडा थोडा सरकवतात. कोणी त्यांना समीकरण शिकवलेले नसते, कान शिकवतो.

ॲल्युमिनियमच्या तव्याची एक खोड प्रसिद्ध होती : रंगमंचावरच्या दिव्यांखाली तो बेसूर होई. हिशोब करू. ५७ सेंटिमीटरची पोलादी तार सुरात आणली की ती मूळ लांबीपेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर ताणलेली असते. तापमान १० अंशांनी वाढले, तर दर अंशाला ॲल्युमिनियम दहा लाखात २३ भाग आणि पोलाद १२ भाग प्रसरण पावते. फरक ११ भागांचा. १० अंशांना आणि ५७ सेंटिमीटरना तो सुमारे ०.०६ मिलिमीटर होतो. एवढी तार जास्त ताणली गेली, म्हणजे ताण पावणेदोन टक्क्यांनी वाढला. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून ती सुमारे एक टक्का चढली. लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर सहा टक्क्यांचे असते, तेव्हा हा त्याचा सहावा भाग, कान टोचायला पुरेसा. शिवाय बारीक तार आधी तापते आणि सैल पडते, जाड ॲल्युमिनियम मागाहून तापते. म्हणजे स्वर आधी उतरणार, मग चढणार! १९३५ साली त्याच कंपनीने बेकेलाइटची गिटार काढली. विजेची जुनी काळी बटणे ज्याची असत तेच बेकेलाइट. ते उष्णतेचे दुर्वाहक असल्याने दिव्यांची आच आत पोचायला वेळ लागतो.

पुढची जात पायाने वाजवायची, पेडल स्टील गिटार. कांडी सरळ असल्याने सर्व तारांवरचे स्वर एकदमच वर-खाली होतात. एकच तार वेगळी चढवायची तर काय करायचे? पायाखालचा पट्टा दाबून तिचा ताण वाढवायचा. पूर्ण एक स्वर चढवायला वारंवारता सुमारे १२ टक्क्यांनी वाढली पाहिजे, म्हणजे ताण २६ टक्क्यांनी. १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’ या अमेरिकन गाण्यात बड आयझॅक्स यांनी स्वर चालू असतानाच पट्टा दाबला. दोन तारा स्थिर आणि तिसरी त्यांच्यामधून वळत जाते, हा आवाज तेव्हापासून त्या वाद्याची खूणच झाला. दुसरा एक पट्टा आवाज लहानमोठा करण्याचा. छेडताना तो मिटलेला ठेवायचा आणि तारेची ऊर्जा जसजशी ओसरेल तसतसा उघडायचा. छेडीचा ‘टण्’ ऐकूच येत नाही आणि स्वर एका पातळीवर राहतो. डोळे मिटून ऐकणाऱ्याला ते व्हायोलिन वाटते.

आपल्याकडच्या कलावंतांनी वेगळी वाट धरली. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत पोकळ गिटारला बारा तरफेच्या तारा जोडल्या आहेत. मुख्य तारेतून गळलेली ऊर्जा तरफा अनुनादाने झेलतात आणि मागाहून हळूहळू परत देतात. टाकीचे गळणारे पाणी बादलीत धरून ठेवावे तसे. १९९४ साली ग्रॅमी मिळालेल्या ध्वनिमुद्रणात मोहनवीणा आणि राय कूडर यांची गिटार एकमेकांशी बोलतात, आणि दोन्ही सरकत्या कांडीच्याच आहेत. ऐकताना कोणती कोणती ते ओळखायचा प्रयत्न करा.

करून पाहा

गिटार नसली तरी चालेल. साधारण ७० सेंटिमीटरची जाड फळी, गिटारची एक पोलादी तार, दोन खिळे आणि ताण देण्यासाठी एक खुंटी किंवा स्क्रू एवढे पुरे. दोन्ही टोकांना तारेखाली पेन्सिलीचे तुकडे सरकवा. कांडी म्हणून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उत्तम. तार तुटून डोळ्याला लागू नये म्हणून चष्मा लावा आणि ताण बेताने द्या. शिक्षकांना वर्गात हा प्रयोग सोनोमीटरची तार वापरूनही करता येईल.

आधी फळी उशीवर ठेवून तार छेडा आणि स्वर ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजा. मग तीच फळी पोकळ लाकडी कपाटाच्या दाराला घट्ट टेकवून छेडा. तिसऱ्या वेळी एका बाजूची पेन्सिल काढून तिच्या जागी पातळ ॲल्युमिनियमची वाटी पालथी घाला आणि तार तिच्यावरून न्या. छेड सारखीच राहावी म्हणून दर वेळी तार तेवढीच, त्याच जागी ओढा. मोबाइलवर ध्वनीचा आलेख काढणारे साधन असेल तर तिन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवा; उंची आणि लांबी दोन्ही पाहा. मग रिकाम्या नळीचा तुकडा घेऊन बत्त्याशी तुलना करा.

शेवटी एक प्रश्न, विशेषतः भाईंदरच्या वाचकांसाठी. चुंबकीय वेटोळे असलेल्या गिटारला स्टेनलेस स्टीलची कोणतीही तार चालेल का? घरातले स्टीलचे ताट घ्या आणि मधल्या सपाट भागाला चुंबक लावा. बहुधा चिकटणार नाही, कारण भांड्यांच्या बऱ्याच स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर निकेल किंवा मँगनीज मिसळून लोखंडाच्या अणूंची रचनाच अशी केलेली असते की चुंबक तिला ओढत नाही. अशी तार वेटोळ्यावर हलली तरी प्रवर्धकाला काही ऐकू येणार नाही. तीच तार पत्र्याच्या शंकूवर मात्र खणखणीत बोलेल. म्हणून विद्युत गिटारच्या स्टेनलेस तारा वेगळ्या, चुंबकाला ओढणाऱ्या जातीच्या असतात. आता चुंबक ताटाच्या दुमडलेल्या कडेवर फिरवा. पुष्कळदा तो तिथे किंचित धरतो, कारण यंत्राखाली दाबून वाकवताना त्या जागची अणुरचना थोडी बदललेली असते. तार ओढून बारीक करतानाही असाच दाब आणि ताण पडतो. मग सपाट भागाला न चिकटणाऱ्या स्टीलपासून काढलेली बारीक तार चुंबकाला चिकटेल की नाही? गाळ्यातून तारेचा एखादा तुकडा मागून आणा आणि पाहा.